दौऱ्याचा वेग कागदावर ठरतो

रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला म्हणजे चौकशी बहुधा चालकापासून सुरू होते आणि चालकापाशीच संपते. त्याला डुलकी लागली होती काय, गाडीचा वेग किती होता, घाटात ब्रेक वेळीच का लागला नाही, असे प्रश्न विचारले जातात आणि ते योग्यही आहेत. परंतु त्या दिवशी चालकाला पहाटे किती वाजता बोलावण्यात आले होते, दिवसभरात किती गावे उरकावयाची होती आणि परतीची वेळ कोणी ठरविली होती, हे प्रश्न क्वचितच पुढे येतात. वास्तविक गाडीचा वेग पुष्कळदा रस्त्यावर ठरत नाही. तो आदल्या दिवशी कचेरीतील, शाळेतील किंवा पंचायतीतील मेजावर, दौऱ्याचा कार्यक्रम लिहिला जात असतानाच ठरलेला असतो. सुखकर आणि सुरक्षित प्रवासाचा विचार तेथूनच सुरू करणे इष्ट होय.

बदललेले रस्ते, न बदललेले शरीर

१८३० साली बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, तेव्हा मुंबई-पुणे प्रवासातील ती क्रांतीच मानली गेली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, या मार्गावर धावली आणि खेड्यापाड्यांतील माणसाला वेळापत्रकाने प्रवास करता येऊ लागला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा, १० जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वास गेला.

रस्ते असे बदलले, वाहनेही बदलली. परंतु वाहन चालविणाऱ्याचे डोळे, त्याची झोप आणि संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत लागणारा वेळ यांत काहीच फरक पडलेला नाही. केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. हा अतिवेग केवळ हौसेचा असतो असे नव्हे. त्यात उशिराची भीती, अपुरी आखणी आणि दमलेल्या माणसाची घरी पोहोचण्याची घाई यांचाही वाटा असतो.

पहिला प्रश्न : प्रवास हवा काय?

दौऱ्याच्या आखणीतील पहिला प्रश्न कोणत्या गाडीने जावे हा नसून, जावे की नाही हा आहे. केवळ आकडेवारी सांगण्याची बैठक असेल तर ती दूरदृश्य प्रणालीने होऊ शकते. याउलट बंधाऱ्याचे काम, शाळेची इमारत किंवा पाणीपुरवठा योजना प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर तेथे गेलेच पाहिजे. अशा वेळी एकाच तालुक्यातील तीन कामांसाठी तीन खेपा करण्याऐवजी एक मुक्कामाचा दौरा आखल्यास इंधन, पैसा व श्रम तिन्ही वाचतात आणि कामही निवांतपणे पाहून होते.

दुसरा प्रश्न साधनाचा. लांब पल्ल्याच्या प्रवासात रात्रीची रेल्वे हे आजही अत्यंत समंजस साधन आहे. मुंबईहून कोल्हापूरकडे महालक्ष्मी एक्सप्रेसने, मराठवाड्याकडे देवगिरी एक्सप्रेसने किंवा नागपूरकडे विदर्भ एक्सप्रेसने जाणारा प्रवासी रात्री झोपून सकाळी कामाला ताजा राहू शकतो. शेवटच्या टप्प्यासाठी तेथील स्थानिक वाहन घेता येते आणि त्याचा चालक त्या भागातील वळणे जाणणारा असतो. तालुक्याच्या गावी पोहोचण्यासाठी एस. टी. उपलब्ध असताना एकट्या माणसाने स्वतंत्र मोटार नेण्याचा आग्रह धरण्याचेही कारण नाही.

अंतर मोजावे, पण वेळेत

मोटारीनेच जावयाचे ठरले की हिशेब मांडावा लागतो. येथे सर्वांत मोठी चूक होते ती काट्यावरील वेग आणि प्रत्यक्ष सरासरी वेग यांत गल्लत केल्यामुळे. वेगदर्शक काटा ८० वर असला तरी गावातून जाणारा रस्ता, बाजाराचा दिवस, घाट, रस्त्याचे चालू काम, चहा आणि इंधन यांसाठीचे थांबे हे सर्व धरून दुपदरी रस्त्यावरील सरासरी ४० ते ४५ किलोमीटरच्या आसपास राहते.

कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर आहे. काट्याकडे पाहून हिशेब करणारा म्हणेल, दोन तास पुरेत. प्रत्यक्षात सव्वातीन ते साडेतीन तास धरणेच शहाणपणाचे. सकाळी ११ च्या बैठकीसाठी ८ वाजता निघालेली गाडी पहिल्या तासातच 'उशीर झालेली' गाडी असते. पुढील प्रत्येक वळणावर चालकाला मागच्या आसनावरील अस्वस्थता जाणवत राहते. 'जरा लवकर घ्या' एवढे तीन शब्दही मग आदेशासारखे काम करतात.

आता उशीर भरून काढण्यासाठी वेग वाढविल्याने काय साधते ते पाहावे. २० किलोमीटरचा मोकळा रस्ता ताशी ६० किलोमीटर वेगाने २० मिनिटांत आणि ८० च्या वेगाने १५ मिनिटांत कापला जातो. म्हणजे वाचली ती पाच मिनिटे. परंतु गतीमुळे वाहनात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० ऐवजी ८० चा वेग धरला की ती पावणेदोन पटींहून अधिक होते. टक्कर झालीच तर ही सारी ऊर्जा पत्र्यावर आणि माणसांच्या हाडांवर खर्च होते.

थांबण्यास लागणारे अंतरही असेच वाढते. सावध चालकालाही धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. हे अंतर आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर एकत्र धरले तर कोरड्या व चांगल्या रस्त्यावर ६० च्या वेगाने जाणारी मोटार थांबण्यास सुमारे ३७ मीटर, ८० च्या वेगाने ५७ मीटर, १०० च्या वेगाने ८३ मीटर आणि १२० च्या वेगाने ११२ मीटर लागतात, असे साधे गणित सांगते. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजले असतील तर हे अंतर आणखी वाढते. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठेवली आहे. स्थानिक परिस्थितीनुसार ती याहून कमीही ठेवली जाते. ही कमाल मर्यादा आहे, गाठावयाचे उद्दिष्ट नव्हे, हे विसरून चालणार नाही.

चालकाचा दिवस

वर दिलेलाच रत्नागिरीचा दौरा एका दिवसात उरकावयाचे ठरविले तर चालकाचा दिवस कसा जातो हे उदाहरणादाखल पाहता येईल. सकाळी ७ ला निघावयाचे म्हणून तो ४.३० ला उठतो, पावणेसहापर्यंत कचेरीत पोहोचून गाडी पुसतो, तपासतो आणि साहेबांच्या दारात आणून उभी करतो. साडेदहाला गाडी रत्नागिरीत पोहोचते. बैठक दोनपर्यंत चालते, त्यानंतर भोजन आणि कामाची पाहणी. निघावयास सायंकाळचे साडेसहा वाजतात. घाट अंधारात चढावा लागतो. रात्री १० ला कोल्हापूर गाठून, सर्वांना घरी सोडून, गाडी जागेवर लावून चालक घरी पोहोचतो तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात.

वाहनाच्या नोंदवहीत या दिवसाची नोंद केवळ २६० किलोमीटर आणि सुमारे सात तासांच्या प्रवासाची होते. ती पाहणाऱ्याला हा दिवस जड वाटणार नाही. परंतु रात्री साडेनऊ वाजता, मलकापूर मागे पडून कोल्हापूर जवळ येत असताना, त्या माणसाला उठून सतरा तास झालेले असतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, एवढीच आहे. जो अधिकारी मद्य घेतलेल्या चालकाच्या गाडीत क्षणभरही बसणार नाही, तोच न झोपलेल्या चालकाच्या गाडीत डोळे मिटून बसतो, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

व्यावसायिक वाहतुकीतील कामगारांसाठी १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा ठेवली होती आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम होण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक मानली होती. कचेरीच्या किंवा घरच्या मोटारीला ही तरतूद जशीच्या तशी लागू नव्हती, तरी मानवी शरीर सर्वत्र सारखेच असल्याने तिच्यामागील विचार सर्वांनाच लागू पडतो. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबणे, बैठक चालू असताना चालकाला जेवण्यासाठी आणि आडवे होण्यासाठी जागा मिळेल हे पाहणे, आणि सायंकाळी उशीर होणार असेल तर विश्रामगृहात मुक्काम करणे, ही त्याची व्यावहारिक रूपे होत. मुक्काम करणे शक्य नसेल तर पाहणी दुपारी तीन वाजता थांबवावी आणि घाट उजेडात ओलांडावा. नोंदवहीत किलोमीटरच्या शेजारी चालकाच्या कामाची सुरुवात व शेवट यांच्या वेळा लिहिण्याचा प्रघात पाडल्यास दौरे आखणाऱ्यांना आपल्या आखणीचा परिणाम डोळ्यांनी दिसू लागेल.

झोप अनावर होते ती विशेषतः पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार या वेळांत. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाचे डोळे केवळ चार सेकंद मिटले तरी गाडी सुमारे ८९ मीटर पुढे गेलेली असते. काच उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी झोप थोडी लांबते, जात नाही. चहा-कॉफीचा परिणाम जाणवण्यासही सुमारे अर्धा तास लागतो. म्हणून सुरक्षित जागी गाडी थांबवून चहा घ्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे झोपावे, हाच खरा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे आदल्या रात्रीची पुरेशी झोप.

वाहनाची निवड

प्रवासासाठी कोणती गाडी चांगली, या प्रश्नाचे उत्तर किंमतीवरून मिळत नाही. किती माणसे, किती सामान आणि कसला रस्ता, या तीन गोष्टींवरून ते मिळते. चार माणसांसाठी पुरेशी डिकी असलेली साधी मोटार उत्तम. सात आसनी गाडीत तिसरी रांग भरली की सामानाची जागा जवळजवळ संपते. ते टपावर चढविले की गाडीचा भार वर सरकतो आणि वळणावर ती अधिक कलते. कच्च्या रस्त्याच्या व नदीनाल्यांच्या भागात गाडीचा तळ जमिनीपासून उंच असणे सोयीचे असते. परंतु उंच गाडी वळणावर सपाट गाडीसारखी चालवून चालत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारी शांत आणि चालविण्यास सुखद असतात. मात्र चढ आणि वाढता वेग यांमुळे त्यांची एका चार्जिंगमधील मजल घटते, म्हणून वाटेतील चार्जिंगची ठिकाणे आधी निश्चित करून हाताशी पुरेशी शिल्लक ठेवावी लागते.

नवी गाडी घेताना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एन-कॅप या कार्यक्रमाचे तारांकन पाहावे. त्यात टक्कर-चाचणीवरून प्रौढ व बालक अशा दोन्ही प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचपर्यंत तारे दिले जातात. चाके न अडकता ब्रेक लावणारी एबीएस यंत्रणा व हवेच्या पिशव्या या आता नव्या मोटारींत असतातच. परंतु हवेची पिशवी ही पट्ट्याची जोडीदार आहे, त्याचा पर्याय नव्हे.

मागील आसनावर पट्टा लावण्याबाबत आजही मोठी अनास्था आहे. २०२२ साली पट्टा न लावल्यामुळे मृत्यू पावलेल्या १६,७१५ व्यक्तींपैकी जवळजवळ निम्मे प्रवासी होते, चालक नव्हते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात मोटार अपघातात मृत्यू झाला. गाडी महागडी होती, पण मागील आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा लावलेला नव्हता. केंद्रीय नियमांनुसार मागील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक असून न लावल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मान्यवर व्यक्तीला 'पट्टा लावा' असे सांगणे चालकाला अवघड जाते. म्हणून मान्यवरांनीच तो प्रथम लावावा, हे बरे.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांनी. तेव्हा तपासणीची सुरुवात तेथून करावी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि किती भरावयाची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्यात पाहावे. हवा कमी असेल तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात, आणि वेगवान रस्त्यावर टायर फुटण्याचे हे एक प्रमुख कारण होय. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली असेल तर तो नियमानुसार बाद समजावा. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा त्याचे वय सांगतो : २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत असूनही फार जुन्या टायरचे रबर कडक होऊन तडकते. स्टेपनीतही हवा हवी, ही गोष्ट बहुधा टायर पंक्चर झाल्यावरच आठवते.

त्यानंतर इंजिनचे तेल, शीतकाचे पाणी, ब्रेकचे तेल, सर्व दिवे, वायपर आणि हॉर्न पाहावेत. जॅक, पाना, परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि विजेरी गाडीत असावी. परवाना, नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती पाहाव्यात. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या आणि फाइलींचे गठ्ठे मागील काचेपाशी किंवा चालकाच्या पायांशी ठेवू नयेत. अचानक ब्रेक लागताच सुटी वस्तू पुढे फेकली जाते, आणि पायाशी घरंगळलेली बाटली ब्रेकखाली अडकू शकते.

घाट, पाऊस आणि सरळ रस्ता

कसारा, माळशेज, ताम्हिणी, वरंधा, आंबा, आंबोली असे घाट उतरताना जुन्या चालकांचा एक नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचून धरते आणि ब्रेकवरील ताण कमी होतो. सारखा ब्रेक दाबून उतरल्यास ब्रेक तापतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी निकामी ठरतात. इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे तर आत्मघातकीच, कारण त्याबरोबर ब्रेक व स्टिअरिंगला मिळणारे यंत्राचे साहाय्यही जाते. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, हा नियमही आहे आणि शिष्टाचारही.

पावसाळ्यात पहिल्या सरींनंतरचा रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर येते. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते उथळ वाटले तरी त्यात गाडी घालू नये. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटारीला ढकलू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळून एस. टी. च्या दोन बसगाड्या आणि एक मोटार प्रवाशांसह वाहून गेल्या. अंधारात आणि पुरात पुढचा रस्ता आहे की नाही हेदेखील दिसत नाही, हे त्या रात्रीने दाखवून दिले. अतिवृष्टीचा इशारा असताना दौरा पुढे ढकलणे हा कर्तव्यात कसूर मानला जाऊ नये.

सरळ, मोकळ्या रस्त्याचा धोका निराळा. तेथे वळणे नसल्याने डोळे उघडे असूनही लक्ष मंदावते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात एक खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. काही प्रवासी काच फोडून बाहेर पडल्यामुळे वाचले. बसमध्ये बसल्यावर आपत्कालीन खिडकी कोठे आहे आणि काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे काय, हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

शाळेची सहल आणि घरची सफर

दौऱ्याच्या आखणीतील दोष सहलींत अधिक तीव्रतेने दिसतो. दोन दिवसांत प्रतापगड, महाबळेश्वर, रायगड आणि समुद्रकिनारा असा कार्यक्रम आखला की मुले किल्ला पाहत नाहीत, बसची खिडकीच पाहतात. शिवाय अंतरे रात्री कापावी लागतात. कमी स्थळे, दिवसाचा प्रवास आणि एका ठिकाणी रात्रीचा मुक्काम, ही सहलीची त्रिसूत्री असावी. प्रत्येक थांब्यानंतर हजेरी घ्यावी. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना पुढील बाजूस बसवावे, निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे आणि पुस्तक वा मोबाईल न पाहता दूरवर पाहण्यास सांगावे. यामुळे औषधाविनाही पुष्कळांचा त्रास कमी होतो.

कुटुंबासह मोटारीने फिरण्याचा आनंदही याच तत्त्वावर उभा आहे. कोकणच्या किनाऱ्याने जाणारा रस्ता द्रुतगती मार्गाच्या मापाने मोजला तर केवळ त्रास देतो. परंतु आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत, दिवसाला शे-सव्वाशे किलोमीटरच जावयाचे असे ठरविले तर तोच रस्ता सफरीचा गाभा बनतो. मोटार बोटीवर चढते, मुले कठड्याशी उभी राहतात, चालकालाही आयती विश्रांती मिळते आणि वळसा वाचतो. फेऱ्यांच्या वेळा व पावसाळ्यातील बदल आधी विचारून घ्यावेत एवढेच.

गावांचाही वाटा

प्रवास करणारा जसा जबाबदार, तसे रस्त्याकडेचे गावही. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या नसतील तर अंधारात ती दिसत नाही. नादुरुस्त ट्रॉली रस्त्यावर सोडून जाणे आणि रस्त्यावर मळणी घालणे हे प्रकार ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने थांबू शकतात.

अपघात झालाच तर पहिला तास मोलाचा असतो. ११२ वर पोलिसांची मदत आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. जखमीला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती लोकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४-अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलेले आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ग्रामसभेत ही एक गोष्ट वाचून दाखविली तरी एखादा जीव वाचू शकेल.

चांगला प्रवास म्हणजे वेळेवर पोहोचणे, काम नीट होणे, वाटेत चार गोष्टी पाहता येणे आणि गाडीतील प्रत्येकजण, चालकासह, सुखरूप घरी परतणे. यांपैकी बहुतेक गोष्टी गाडीच्या किंमतीवर किंवा चालकाच्या कौशल्यावर अवलंबून नसून कार्यक्रमाच्या कागदावर मोकळ्या सोडलेल्या एखाद्या तासावर अवलंबून असतात. तो तास वाया गेलेला दिसतो, पण रस्त्यावर त्याचाच उपयोग सर्वांत अधिक होतो. दौऱ्याच्या कार्यक्रमाखाली सही करणाऱ्या प्रत्येकाने सही करण्यापूर्वी एकदा तरी विचारावे : या दिवशी चालक किती वाजता उठणार आहे, आणि किती वाजता झोपणार आहे?